‘फेरक्राख्त’ला मराठीत काय म्हणावं?

ओली_वाळू: मंडळाच्या अंकासाठी एक डच लेख मराठीत आणतेय. विषय 1 फेब्रुवारी 1953 चा पूर. नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतात समुद्राचे बांध फुटले, देशभरात 1,836 माणसं गेली. लेखक म्हणतो, ‘फेरक्राख्त’ हीच डचांची ओळख. ‘फेर’ म्हणजे स्प्रिंग, ‘क्राख्त’ म्हणजे बळ. मी ‘लवचीकता’ लिहिलं. सासूबाईंनी वाचून विचारलं, “हे लोक योगासनं करतात का?”

शुद्धमती: ‘स्थितिस्थापकता’ असा तयार शब्द असताना शोधाशोध कशाला? ताणून सोडलं की मूळ आकार.

गाळपेर: तो शब्द उच्चारून होईपर्यंत पुढची भरती येईल. शिवाय मूळ आकाराला आलं कोण? 1953 नंतर खाड्यांची तोंडंच बांधायला घेतली. पूर्व शेल्टची खाडीही पूर्ण बुजवणार होते. मच्छीमार आणि पर्यावरणवाले भांडले, म्हणून तिथे दारं बसवली. 1986 पासून एरवी उघडी, वादळात बंद. आमची आजी असल्या माणसांना ‘चिवट’ म्हणायची.

शुद्धमती: चिवट मटण असतं.

पीसवाला: थोडं अवांतर. ‘फेर’चा दुसरा अर्थ पीस. जुनं रूप ‘फेडर’, आणि त्याचं नातं थेट संस्कृत ‘पत्र’शी, म्हणजे पंखाशी. म्हणून ‘उभारी’ घ्या. झीलंडच्या चिन्हावर लाटांतून अर्धा वर आलेला सिंह आहे आणि खाली लॅटिनमध्ये ‘झुंजतो आणि वर येतो’. हीच उभारी.

गाळपेर: उभारी मनाला येते हो, बांधाला नाही.

नको_ते_बोलणारा: शब्द कुठलाही घ्या, त्या वाक्यातली फुशारकी मला पटत नाही. बांध कमकुवत आहेत हे योहान फान फेन नावाचा सरकारी इंजिनियर 1953 च्या आधीपासून सांगत होता. ऐकलं नाही. आता त्याच पुराची गोष्ट राष्ट्राच्या स्वभावाची म्हणून सांगायची! लायडन गावाचंही तेच. 1574 त स्पॅनिश सैन्याचा वेढा उठवायला बांध फोडून पाणी आत घेतलं. 3 ऑक्टोबरला गाव सुटलं, आजही तिथे त्या दिवशी हेरिंग आणि पांढरा पाव वाटतात. ज्यांची शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली त्यांच्या नावाने काय वाटतात?

ओली_वाळू: मुद्दा मान्य. पण मला शब्द हवाय.

रॉटरडॅमकर: इथे सरकार हल्ली ‘फेरक्राख्त’पेक्षा ‘वेरबारहेइट’ जास्त म्हणतं. संकटात पहिले 72 तास घरात पाणी, टॉर्च, रेडिओ ठेवा वगैरे. त्यात परतून उभं राहण्यापेक्षा परतवून लावणं आहे. दोन्हींना एकच मराठी शब्द लावलात तर घोळ होईल.

गाळपेर: आपल्याकडे पुरात झाडं जातात, लव्हाळी वाचतात. डच मंडळी झाडाच्या जातीची. वाकणार नाहीत, बांध उंच करतील.

रॉटरडॅमकर: अगदीच तसं नाही. नायमेखनला वाल नदीचा बांध त्यांनी 350 मीटर मागे नेला, नदीला जागा दिली. घरं पाडावी लागली. म्हणजे उशिरा का होईना, लव्हाळं.

शुद्धमती: मग ‘लवचीकता’च झाली की!

खारेपाटील: बांध मागे घेण्याचं कौतुक आम्हाला सांगू नका. अलिबागकडे खारबंदिस्तीचा, म्हणजे शेतात खारं पाणी शिरू न देणारा, बांध फुटला की अख्खा गाव चिखल घेऊन धावायचा. आणि ती दारं म्हणजे आमची ‘उघाडी’. ओहोटीला उघडते, भरतीला आपोआप मिटते.

मांडवीकाठ: गोव्यात खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, त्या दाराला ‘मानस’ म्हणतात.

खारेपाटील: मानस म्हणजे मन ना? दाराला मन कुठलं?

मांडवीकाठ: आणि उघाडी मिटते तेव्हाही उघाडीच का?

ओली_वाळू: अंक शनिवारी छापायला जातोय. चिवटपणा की उभारी?

पीसवाला: ‘मानस’ पोर्तुगीजातून आला असेल का?