आयर्विन की अर्विन? इंग्रजी उच्चारांचे तुमचे किस्से लिहा

कृष्णाकाठ (सांगली)
आपला १९२९ सालचा आयर्विन पूल. त्या लॉर्डसाहेबांच्या नावाचा उच्चार 'अर्विन'च्या जवळ जातो, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. रिक्षावाल्याला 'अर्विन पूल' म्हणाले तर तो माझ्याकडे बघतच राहील, आणि बरोबरच आहे त्याचं. पण आपलं इंग्रजी असं डोळ्यांनी आलं, कानांनी नाही. आयर्विन पूल, विलिंग्डन कॉलेज, मिरजेचं वानलेस हॉस्पिटल, तिन्हींत ओठांचा चंबू करून काढायचा व आहे. पाट्या रोज वाचल्या, चंबू कधी केला नाही. तुमचं कुठं अडलं, कसं सुटलं, ते लिहा.

द्राक्षबाग (तासगाव)
ताई, चंबूवरनं आठवलं. परदेशी व्यापारी बागेत आलेला. मी आपलं सांगतोय, माझ्या व्हाइन्स बारा वर्षांच्या आहेत. म्हणजे वेली हो! पण तोंडातनं निघालं वाइन्स. गडी खूश, म्हणाला दाखवा की. मी वेलीला हात लावला तर त्याचं तोंड बघण्यासारखं. पोरीनं नंतर आरशापुढं उभं केलं: वरचे दात खालच्या ओठाला टेकले तर वेल, ओठ गोल अन् दात लांब तर दारू. लिहिताना आपण 'व्ह' आणि 'व' वेगळं लिहितो, बोलताना सगळा एकच माल.

मिरजकर (सध्या इंग्लंड)
मी नर्स. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांना 'युअर पिल' म्हणून गोळी दिली. ते घाबरले, "बिल? कसलं बिल?" सरकारी दवाखान्यात बिल नसतं तिथं! मला वाटलं, ऐकू कमी येत असेल. मग दुसऱ्या पेशंटचंही तेच.

सहकारी मैत्रिणीनं कागदाची पट्टी तोंडासमोर धरायला लावली. ती 'पिल' म्हणाली की पट्टी उडायची, मी म्हणाले की ढिम्म. शब्दाच्या सुरुवातीचा इंग्रजी प, ट, क हवेच्या झोताबरोबर येतो. आपल्याकडे झोत आला की अक्षरच बदलतं, पचं फ होतं (आजीच्या 'फळ'मधला, 'फॅन'मधला नव्हे). म्हणून आपण तो झोत शिस्तीत आवरतो, आणि त्यांच्या कानाला बिनझोताचा प म्हणजे ब. गंमत म्हणजे 'स्पून'मध्ये झोत नसतो, तो मला आधीपासून येत होता.

खडूफळा (जत)
२००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हापासून शिकवतोय. शिप आणि शीप: पोरं लिहितात वेगळं, म्हणतात एकच. यात नवल काय, 'पाणि' की 'पाणी' इथंही ती कानावर नाही, पाठांतरावर जातात. मी आधी "लांब म्हणा" सांगायचो. पोरं 'शीऽऽऽप' ओढत बसायची आणि मेंढरू काही येईना. नुसती लांबी नाही, जीभही थोडी वेगळ्या जागी असते. आता मी म्हणायला न लावता आधी ऐकवतो आणि 'जहाज असेल तर हात वर' करायला लावतो. हात बरोबर यायला लागले की जीभ मागनं येते. सगळ्यांची नाही येत, खोटं कशाला बोलू.

रात्रपाळी (विटा, आता पुणे)
मला सुटे आवाज येत होते, ठोका येत नव्हता. मी 'डे-व्ह-लप-मेंट' सगळी अक्षरं सारख्या वजनानं म्हणायचो, समोरचा म्हणायचा, पार्डन? जोर 'व्हे'वर, बाकीची अक्षरं जवळजवळ गिळायची. 'कम्फर्टेबल'मधलं तर अर्धं पोटात जातं. टेबलावर बोट आपटत महिना काढला. घरी आईला वाटलं, पोरगं तबला शिकतंय.

हळदबाजार (सांगली)
उलटा अनुभव लिहिते. जावई कॅनडाचे. मी म्हटलं "वाट बघत होते", त्यांना वाट आणि वात एकच ऐकू येतं. भाचीनं सांगितलं, १९८४ साली त्यांच्याच देशात प्रयोग झाला होता: सहा-आठ महिन्यांच्या इंग्रजीभाषक घरांतल्या बाळांना हिंदीतला ट आणि त ओळखता यायचा, वर्षाची होईतो बहुतेकांचं ते गेलं. म्हणजे जावयांचा वेळ माझ्या ओळखीच्या फार आधीच टळला होता. तरी बिचारे रोज 'हलद, हलद' म्हणतात. मी म्हटलं, अहो, तुम्ही 'हळद' म्हणेपर्यंत अंगाची उतरली.