घरच्या आपत्तीमुळे प्रवेश रद्द करणाऱ्या विद्यार्थ्याचे शुल्क परत करावे का?

धागाकर्ती, कोथरूड : माझा भाचा पुण्यातील एका विनाअनुदानित महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होता. नोव्हेंबरमध्ये, सत्रपरीक्षेच्या तोंडावर, त्याच्या वडिलांना पक्षाघात झाला आणि शेती सांभाळायला त्याला गावी परतावे लागले. त्याने प्रवेश रद्द करण्याचा अर्ज दिला, तेव्हा मुदत टळल्यामुळे एक रुपयाही परत मिळणार नाही, असे सांगण्यात आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या धोरणानुसार, प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस आधीपर्यंत संपूर्ण शुल्क परत मिळते, त्यानंतर ते ९०, ८० आणि ५० टक्के असे घटत जाते, आणि अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच मिळत नाही. दुसरीकडे चांगली जागा मिळाली म्हणून गेलेला आणि बापाच्या उशाशी बसायला गेलेला, या दोघांना हा नियम एकाच मापाने मोजतो, हे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद १, प्राध्यापिका : ताई, आपल्या भाच्याबद्दल मनापासून वाईट वाटते, तरीही नियम बदलू नये, असे माझे मत आहे. नोव्हेंबरमध्ये रिकामी झालेली जागा भरता येत नाही, आणि विनाअनुदानित महाविद्यालयात आमचे पगार शुल्कातूनच होतात. शिवाय कोणाची अडचण खरी, हे कोणी ठरवायचे? मी विद्यार्थ्यांना सांगते की शक्य असेल तर सत्रपरीक्षा देऊनच जा, कारण मिळवलेली क्रेडिट्स (श्रेयांक) 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या ऑनलाइन श्रेयांक-खात्यात सात वर्षांपर्यंत वैध राहतात आणि परत येण्याची वाट उघडी राहते. परताव्यापेक्षा ही वाट मला मोलाची वाटते.

प्रतिसाद २, सदाशिव पेठ : मॅडम, परीक्षा देऊन जा, हा सल्ला ज्याला निघण्याचा दिवस निवडता येतो त्याच्यासाठी आहे. रुग्णालयातला कागद खरेपणा ठरवायला पुरेसा असतो. हजेरीत सवलत देताना आपण तोच मान्य करतो ना? (मूळ गुणपत्रिका आणि दाखला महाविद्यालयाने अडवून ठेवू नये, असे आयोगाने बजावलेले आहे; ताईंनी ती कागदपत्रे आधी ताब्यात घ्यावीत.)

प्रतिसाद ३ : मी स्वतः वडील गेल्यावर दुसऱ्या वर्षाला शिक्षण सोडले. पैसे परत मिळाले असते तर ते कर्जात गेले असते आणि मी तरीही परतलो नसतो. मला हवे होते ते हे, की पुढच्या जूनमध्ये तुझी जागा आहे, असे कोणी लेखी द्यावे.

धागाकर्ती : प्राध्यापिकाबाई, पगाराचा आपला मुद्दा मी नाकारत नाही, आणि तिसरा प्रतिसाद वाचल्यावर माझी मागणीही बदलली आहे. पैसे रोख देऊ नका. त्याने न वापरलेल्या सत्राचे शुल्क पुढच्या वर्षी त्याच्याच नावे धरा आणि अर्जावर 'रद्द' याच्या शेजारी 'स्थगित' असा एक रकाना ठेवा. त्याला शिक्षण सोडायचे नव्हते, थांबायचे होते, पण त्या अर्जात थांबण्यासाठी जागाच नव्हती.

प्रतिसाद १, प्राध्यापिका : एका वर्षाची मर्यादा आणि वैद्यकीय कागद, एवढ्या अटींवर हे मला मान्य आहे. रोख परताव्याला मात्र माझा विरोध कायम आहे.