पडलेला किल्ला लूपमध्ये पुन्हा उभा करावा का?

बुरूजबंद:
यंदा दिवाळीत सोसायटीमागच्या अंगणात मुलांबरोबर किल्ला केला. विटा, दगड, वर गोणपाट, त्यावर लाल मातीचा लेप, उतारावर मोहरी आणि अळीव. दिवाळीनंतर मोडला नाही. जुना मोबाईल स्टँडवर लावून दर दहा मिनिटांनी एक फोटो, पंधरा दिवस. २१६० फोटो, दीड मिनिटाचा व्हिडिओ. हिरवळ फुटते, पिवळी पडते, अवकाळी पावसात माची घसरते, शेवटी नुसतं गोणपाट. मग तो लूपमध्ये लावला, पडलेला किल्ला पुन्हा उभा. निसर्गचक्रच की! एखाद्या कलादालनात मोठ्या पडद्यावर दाखवावा म्हणतोय. अँडी गोल्ड्सवर्दी या ब्रिटिश शिल्पकाराने जून २०००मध्ये लंडनच्या रस्त्यांवर स्कॉटलंडच्या बर्फाचे १३ अजस्र गोळे ठेवले होते. काही दिवसांत वितळले. आपल्याला ते माहीत आहेत ते फोटोंमुळेच. मग डिजिटलला नाकं का मुरडायची?

रांगोळीवाली:
मी मुरडते. ते गोळे वितळताना आतून लोकर, काटेरी तार असलं काय काय बाहेर येत होतं. सकाळी कामावर जाताना बघावं तर संध्याकाळी गोळा आक्रसलेला. फोटो ही त्याची नोंद. तुम्ही नोंदीलाच कलाकृती म्हणताय. माझी आजी रोज सडा घालून रांगोळी काढायची, दुपारपर्यंत ती पायाखाली जायची. 'सेव्ह केलीस का' असं तिला कुणी विचारलं नाही.

कोळशिंदा:
ताई, इतकी सरळ वाटणी नाही होत. अमेरिकन कलाकार रॉबर्ट स्मिथसनची 'स्पायरल जेटी' घ्या. अमेरिकेत युटाच्या खाऱ्या सरोवरात १९७०मध्ये दगडमातीने बांधलेली १५०० फुटी वेटोळी वाट. थोड्याच वर्षांत पाणी चढलं आणि ती बुडाली, कित्येक वर्षं दिसलीच नाही. त्या काळात लोकांपुढे होता तो स्मिथसनने स्वतः केलेला चित्रपट. त्याला नुसती नोंद म्हणणार? २००२च्या सुमारास दुष्काळाने पाणी उतरलं तेव्हा काळ्या दगडांवर मिठाचा पांढरा थर होता.

रांगोळीवाली:
अहो, हेच तर! ती वर आली ती मीठ घेऊन. ह्यांचा किल्ला परत येतो तो कोरा करकरीत. ह्याला चक्र नाही, रिवाइंड म्हणतात.

गोणपाट:
माती कुठे गेली पण? आमच्याकडे किल्ल्याची माती तुळशीच्या कुंडीत जाते, पुढच्या वर्षी पोरं नव्या मातीसाठी तंगडतोड करतात. ते व्हिडिओत आहे का?

बुरूजबंद:
नाही. माती पोत्यात भरून जिन्याखाली ठेवलीय, तोवर मोबाईल काढला होता. 'रिवाइंड' झोंबलं, पण खरं आहे. आजीची रांगोळी मात्र पटत नाही. माची घसरली रात्री तीनला, मी झोपलो होतो. व्हिडिओत आधी केसाएवढी भेग दिसते, मग अळिवाची मुळं माती धरून लोंबकळतात आणि तासाभराने अख्खा उतार खाली येतो. अंगणात उभा असतो तरी मला हे दिसलं नसतं.
अजून एक. नवव्या रात्री बालेकिल्ल्यावर मांजर झोपलंय. ५४ फोटो, पडद्यावर सव्वादोन सेकंद. डावा बुरूज मांजराच्याच वजनाने बसला. कापू का ते?

रांगोळीवाली:
लूप कापा. मांजर राहू दे.

गोणपाट:
आणि जिन्याखालचं पोतं हलवा, सेक्रेटरी बोंबलेल.