शब्दचर्चा : ‘गोल्डन अवर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : सोलापूरचा भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव यांच्या फोटोंखाली मराठी ओळी द्यायच्या आहेत. ‘गोल्डन अवर’ (सूर्योदय-सूर्यास्ताच्या आसपासचा सोनेरी उजेड) आणि ‘ब्लू अवर’ (सूर्योदयाआधीचा व सूर्यास्तानंतरचा निळसर उजेड) यांना ‘सोनेरी तास’ आणि ‘निळा तास’ चालतील का?

प्रतिसाद १ : ‘तास’ नकोच. सूर्य क्षितिजाच्या 6 अंश वर असल्यापासून 4 अंश खाली जाईपर्यंतचा हा काळ. आपल्याकडे सूर्य फार तिरका जात नाही, बराचसा सरळच उतरतो, त्यामुळे 40-45 मिनिटांत सगळं आटोपतं. शिवाय मराठीत याला दोन शब्द आधीपासून आहेत : सकाळचं कोवळं ऊन आणि संध्याकाळचं उतरतं ऊन.

प्रतिसाद २ : आणि ते एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. ‘उन्हं उतरली’ म्हणतात तेव्हा दिवसभराची धूळ हवेत असते, म्हणून रंग तांबूस. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगछटेची सेटिंग) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा नेमका हाच तांबूसपणा दोष समजून पुसून टाकतो. तो डेलाइटवर, म्हणजे दिवसाच्या उन्हाच्या सेटिंगवर, ठेवा. काळ्या दगडाचा बुरूज फ्रेमभर असेल तर कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं : काळ्याला राखाडी करायला जातं, दगड फिकट पडतो आणि आकाश जळतं, म्हणजे नुसतं पांढरं होतं. एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) उणे 0.7 करून, म्हणजे थोडं कमी करून बघा.

प्रश्न : आणि ‘ब्लू अवर’? संधिप्रकाश, तिन्हीसांज, कातरवेळ?

प्रतिसाद १ : संधिप्रकाश फारच ऐसपैस, त्यात पहाटही येते. कातरवेळेत हुरहुर आहे, तो मनाचा शब्द. इथे ‘दिवेलागण’ चपखल बसते. सूर्य बुडाल्यावर पंधराएक मिनिटांनी आकाशाचा उजेड आणि तलावातल्या सिद्धेश्वर मंदिराच्या दिव्यांचा उजेड बरोबरीला येतात, तेव्हाच दोन्ही एका फोटोत मावतात. हा मेळ सात-आठ मिनिटंच टिकतो. पुढे आकाश काळं होतं आणि दिव्यांचे नुसते पांढरे गोळे उरतात. इतका नेमका शब्द हाताशी असताना ‘निळा तास’ कशाला घडवायचा?

प्रतिसाद २ : पटलं. त्या वेळी ट्रायपॉड लागतोच : आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) 100, छिद्र एफ 8, शटर 2 ते 4 सेकंद उघडं. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) बंद करा, नाहीतर कधीकधी तोच थरथर आणतो. वारा असेल तर तलावातलं प्रतिबिंब आरशासारखं येणार नाही, दिव्यांच्या लांबट रेघा येतील.

पहाटेच्या निळ्या फोटोखाली मात्र ‘दिवेलागण’ लिहू नका. तिथे ‘झुंजुमुंजू’.