पहाटे चारचा सल्ला आणि वाळपईची बस

सत्तरीवाला: काल इथे एका सरांनी लिहिलं, 'कॉलेजच्या पोरांना अभ्यासाची सवयच नाही. पहाटे चारला उठा, सहा तास एका जागी बसा.' सर, मी गोव्यातल्या वाळपईहून रोज पणजीला कॉलेजला येतो. घरी पोचून जेवेपर्यंत नऊ वाजतात. चारला उठलो तर आयएसएच्या (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेच्या) पेपरात डुलक्या काढीन. आणि सलग सहा तास कशाला? विसरण्याचा आलेख एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच मांडला. मध्ये दिवस सोडून थोडं थोडं केलेलं टिकतं. मी बसमध्ये वही मिटून कालचं आठवून बघतो.

मास्तर_निवृत्त: ते सर मीच. आठवतोस की रील बघतोस? आदल्या रात्री गाईड पिवळं करून येणारी पोरं मी जन्मभर पाहिली. बैठक नाही तर काही नाही.

फोंडेकरीण: सर, बैठक मारून तेच तेच वाचणारेही आपटतात. रोडिगर-कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग, २००६: पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून बघणारे पुढे.

मास्तर_निवृत्त: अमेरिकेतल्या पोरांवरचे प्रयोग मला नकोत. माझी मुलगी चारला उठायची, आज डॉक्टर आहे.

पेडणेकर७: मुलगी बसने जायची की तुमच्या स्कूटरवर? आणि सत्तरीवाल्या, वही मिटायला आधी उघडावी लागते! आमच्या रूटवर कंडक्टर 'फुडें वच, फुडें वच' करत दारापर्यंत माणसं कोंबतो.

सत्तरीवाला: म्हणून मी कदंबाचा, सरकारी बसचा, पास काढलाय.

पेडणेकर७: कदंब वेळेवर आली तर पेढे वाटीन. पणजीतल्या पाटोची सेंट्रल लायब्ररी स्टँडपासून चालत जाण्यासारखी. तिथे तासभर बसलो की खाजगी बस बंद. मग पप्पांना फोन, मग शिव्या. सवय काय डोंबलाची लागणार?

फोंडेकरीण: विषय अभ्यासाचा आहे, बसचा नाही.

पेडणेकर७: तुझं कॉलेज घरापासून दहा मिनिटांवर. तुला विषय बरोब्बर सुचणार.

फोंडेकरीण: घरी आजी अंथरुणाला आहे. तिचं सगळं करून रात्री अकराला पुस्तक उघडते. दहा मिनिटांचं कौतुक नको सांगूस.

मास्तर_निवृत्त: भांडू नका. हे आजीचं मला माहीत नव्हतं. ठीक आहे, चार मागे घेतो. पाच.

सत्तरीवाला: उपकार झाले, सर. आणि सहा तासांचं?

मास्तर_निवृत्त: त्यातले दोन बसमध्ये धर. पण गणेश चवथीच्या सुट्टीत वही उघडलीस तर फोटो टाक इथे.

पेडणेकर७: गणपतीवर फळापानांची माटोळी बांधतानाचा चालेल?