लोकसभेच्या निकालाने नाशिकचं काय बदलतं?

गंगाघाटकर:
"लोकसभेचं मत दिल्लीसाठी, त्याचा आपल्या शहराशी काय संबंध?" असं म्हणणारे खूप भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. बंदी उठली 4 मे 2024 ला, आपल्याकडे मतदान 20 मे ला. तरी 40 टक्के निर्यात शुल्क मानगुटीवर होतंच. दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या, नाशिकची जागाही सत्ताधाऱ्यांच्या हातून गेली. मग विधानसभेच्या तोंडावर, सप्टेंबरात, शुल्क 20 टक्क्यांवर आलं आणि 1 एप्रिल 2025 पासून पार गेलं. दणका बसला नसता तर हललं असतं का कोणी? लासलगाव-पिंपळगावच्या कांदा बाजाराचा पैसा मेनरोडला, सराफ बाजारात, कॉलेज रोडच्या क्लासच्या फीमध्ये येतो. बाजार समितीत भाव पडला की शहरातलं गिऱ्हाईक आटतं.

सिडकोवासी:
शुल्क गेल्यावरही 2025 मध्ये कांदा मातीमोल विकला गेला, दादा. ते कोणत्या निकालामुळे? महापालिकेची मुदत मार्च 2022 ला संपली, निवडणूक झाली जानेवारी 2026 ला. मधे लोकसभा झाली, विधानसभा झाली, पण गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं तर ज्याचं दार वाजवायचं तो नगरसेवकच नव्हता. खासदार काय चेंबर उपसायला येणार आहे?

सातपूरकर:
निओ मेट्रो, म्हणजे नाशिकसाठीची ती रबरी टायरवर धावणारी मेट्रो, आठवते का? 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2,092 कोटी जाहीर झाले. तेव्हा राज्यात वेगळं सरकार होतं म्हणून अडलं असं समजू. 2022 ला दोन्हीकडे जुळलं. अजून एक खांब उभा नाही. वर-खाली एकच सरकार असलं की शहराचं भलं होतं, हे मी तरी आता मानत नाही.

गंगाघाटकर:
घोषणा सोडा, पैशाचा उगम बघा. पूर्वी जकात नाक्यावर महापालिका स्वतः वसुली करायची. मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर, जुलै 2017 पासून जीएसटी. आता राज्याकडून भरपाईचा हप्ता कधी येतो याकडे डोळे लावून बसायचं. जीएसटी कोणी आणला? संसदेने. शहराच्या तिजोरीची किल्ली तिथेच गेली.

सिडकोवासी:
संसदेनेच 74वी घटनादुरुस्ती केली, 1992 ला. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं त्यात स्पष्ट आहे. तरी जवळपास चार वर्षं प्रशासक बसला आणि सुप्रीम कोर्टाने मे 2025 ला आदेश दिल्यावर चक्रं फिरली. दिल्लीत कायदा होऊन भागत नाही, इथे तो पाळून घेणारे लोक लागतात. राग तिकडे काढायचा आणि वॉर्डातल्या मतदानाला सुट्टी समजून गावी जायचं, हे मला सलतं.

सातपूरकर:
2027 च्या सिंहस्थाचंच घ्या. त्यासाठीचं प्राधिकरण राज्याच्या कायद्याने झालं, निधी वरून येईल. पण साधू-महंत गेल्यावर मलनिस्सारण केंद्रं रोज चालवायची, त्यांचं वीजबिल भरायचं, नाले गोदावरीत जाऊ द्यायचे नाहीत, हे महापालिकेच्याच गळ्यात. त्या खर्चाची तरतूद किती वर्षांची, हे खासदार आणि नगरसेवक दोघांनाही आत्ताच लेखी विचारू. मजकूर मी तयार करतो, तुम्ही दोघांनीही सह्या करा.