प्रॅडर-विलीच्या संशयात आधी कोणती तपासणी करावी?

घोडबंदरची आई: माझी मुलगी तीन महिन्यांची आहे. जन्मापासून तिचे अंग सैल आहे, आणि ओढून पिण्याची ताकद नसल्याने अजून वाटी-चमच्यानेच दूध पाजावे लागते. डॉक्टरांना प्रॅडर-विली या जनुकीय आजाराचा संशय आहे. खर्चाची मर्यादा दहा हजार रुपये आहे. ठाण्यात रक्त देऊन कोणती तपासणी आधी करावी?

ऐरोलीकर: एक्सोम तपासणीच करा, म्हणजे जनुके वाचणारी. आमच्या मुलाची केली तेव्हा याच्या तिप्पट खर्च आला, पण निदान हाती आले. अशा वेळी पैशाकडे पाहू नये.

कळव्याची मावशी: आमच्या भाचीची फिश तपासणी 'सामान्य' आली, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो आणि आठ महिने वाया गेले. तिच्या १५व्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती आईकडूनच आल्या होत्या, आणि फिश तर तुकडा गळाला आहे का एवढेच पाहते. हे आधी कुणीच सांगितले नाही, याचा राग अजून जात नाही.

खारघरचा प्राध्यापक: एक्सोम डीएनएची अक्षरे वाचते, पण इथे प्रश्न अक्षरांवरच्या खुणांचा आहे. आईकडून आलेल्या १५व्या गुणसूत्रावर एसएनआरपीएन जनुकाच्या तोंडाशी मिथाइलच्या रासायनिक खुणा असतात, तिथले क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांची गुंडाळी, घट्ट आवळलेले असते आणि जनुक बंद राहते. वडिलांच्या प्रतीवर त्या खुणा नसल्याने तीच तेवढी चालते. वडिलांचा तो भाग गळाला, दोन्ही प्रती आईच्याच आल्या किंवा वडिलांच्या प्रतीवर आईसारखी खूण राहिली, तरी परिणाम एकच होतो. मिथिलेशन तपासणी ती खूणच पाहते, त्यामुळे ९९ टक्क्यांहून अधिक रुग्ण तिच्यात सापडतात.

सानपाड्याचा विद्यार्थी: सर, खूण म्हणजे जनुक बंद, असे सर्वत्र नसते. ११व्या गुणसूत्रावर वडिलांच्या प्रतीवरील खुणेमुळे सीटीसीएफ प्रथिनाला बसता येत नाही, आणि म्हणूनच वाढीचे आयजीएफ-२ जनुक चालू राहते. आईच्या प्रतीवर ते प्रथिन बसते आणि वर्धकाची, म्हणजे जनुकाला चालना देणाऱ्या डीएनएच्या तुकड्याची, वाट अडवते.

खारघरचा प्राध्यापक: मान्य आहे, पण बाळाचा प्रश्न १५व्या गुणसूत्राचा आहे.

ऐरोलीकर: तरीही एक्सोम केले की सगळी जनुके एकदाच वाचून होतात.

कळव्याची मावशी: मिथिलेशनच करा, आणि आई-वडिलांचे रक्तही त्याच दिवशी द्या.

खारघरचा प्राध्यापक: मावशींचे बरोबर आहे. खूण ठरवणारा भागच वडिलांच्या गुणसूत्रात गळालेला असेल, तर पुढच्या बाळाला ५० टक्क्यांपर्यंत धोका राहतो.

घोडबंदरची आई: सर्वांचे मनापासून आभार. उद्या सकाळी फक्त बाळाचे रक्त मिथिलेशनसाठी देत आहोत. दुसऱ्या बाळाचा विचार आम्ही केलेला नाही, त्यामुळे आमच्या तपासणीचे पैसे तूर्त तिच्या फिजिओथेरपीसाठी बाजूला ठेवले आहेत.